सही तिची, निर्णयही तिचाच हवा

बँकेच्या काउंटरमागे वीस-बावीस वर्षे काढल्यावर एक गोष्ट न शिकवताही कळते. खाते कोणाच्या नावावर आहे आणि पासबुक कोणाच्या खिशात आहे, या दोन निराळ्या बाबी आहेत. घरकाम करणाऱ्या, भाजी विकणाऱ्या, अंगणवाडीत राबणाऱ्या कितीतरी भगिनींची खाती मी रोज पाहतो. पैसे त्यांच्या कष्टाचे, सही किंवा अंगठा त्यांचा; परंतु स्लिप भरून आणणारा, रक्कम ठरवणारा आणि नोटा मोजून घेणारा दुसराच असतो. कायद्याच्या दृष्टीने व्यवहार चोख असतो. तरीही खरा खातेदार कोण, हा प्रश्न मनात राहतोच.

महापालिकेच्या निवडणुका आल्या की हेच चित्र पुन्हा दिसते. उमेदवाराला निवडणूक खर्चासाठी स्वतंत्र बँक खाते उघडावे लागते. अशाच एका गर्दीच्या दिवशी एक उमेदवार भगिनी, त्यांचे यजमान आणि दोन कार्यकर्ते आमच्या शाखेत आले. मी विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर यजमानांनी दिले. बाईंची जन्मतारीखसुद्धा त्यांनीच सांगितली. सहीसाठी अर्ज पुढे केला तेव्हा बाईंनी तो सावकाश वाचला आणि विचारले, "साहेब, या खर्चाचा हिशेब शेवटी कोणी द्यायचा असतो? माझ्याच नावाने ना?"

त्या चौघांपैकी कामाचा प्रश्न विचारणारी ती एकटीच होती. हिशेब तिच्याच नावाने द्यायचा असतो. निकालानंतर तीस दिवसांच्या आत तो सादर केला नाही तर अपात्र ठरू शकते ती उमेदवार; तिचे यजमान नव्हेत. जबाबदारी जर तिची, तर निर्णयही तिचाच हवा. प्रस्तुत लेखात सांगायचे आहे ते एवढेच. स्त्रियांना जागा कायद्याने दिली. त्या जागेवर बसून निर्णय घेण्याची तयारी मात्र घराने, वस्तीने आणि आपल्यासारख्या संस्थांनी करून घ्यायची आहे, आणि ती निवडणूक जाहीर होण्याच्या पुष्कळ आधी करायची आहे.

कायद्याने काय दिले?

महाराष्ट्राने १९९० सालीच स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये स्त्रियांसाठी ३० टक्के जागा राखून ठेवल्या. पुढे १९९२ मध्ये संसदेने त्र्याहत्तरावी व चौऱ्याहत्तरावी घटनादुरुस्ती मंजूर केली. पहिली २४ एप्रिल १९९३ रोजी पंचायतींसाठी आणि दुसरी १ जून १९९३ रोजी नगरपालिका व महानगरपालिकांसाठी अमलात आली. त्यामुळे देशभर किमान एक-तृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखीव झाल्या. अनुसूचित जाती व जमातींच्या राखीव जागांमध्येही त्या त्या समाजातील स्त्रियांचा किमान एक-तृतीयांश वाटा ठेवण्यात आला. सभापती, अध्यक्ष, महापौर या पदांनाही आरक्षण लागू झाले. २०११ मध्ये महाराष्ट्राने स्त्रियांचे हे प्रमाण ५० टक्क्यांवर नेले.

आपल्या परिसरापुरते बोलायचे तर ठाणे महानगरपालिकेत १३१ जागा आहेत, म्हणजे स्त्रियांच्या ६६. कल्याण-डोंबिवलीत १२२ जागा आहेत, म्हणजे स्त्रियांच्या ६१. या दोन्ही शहरांनी महिला महापौर पाहिल्या आहेत. २०१७ मध्ये ठाण्यात मीनाक्षी शिंदे आणि २०१८ मध्ये कल्याण-डोंबिवलीत विनिता राणे त्या पदावर आल्या. त्यानंतर निवडणुका लांबल्या. कल्याण-डोंबिवलीत नोव्हेंबर २०२० पासून आणि ठाण्यात मार्च २०२२ पासून प्रशासकांचा कारभार होता. अखेर १५ जानेवारी २०२६ रोजी मतदान झाले. इतक्या वर्षांच्या खंडानंतर सभागृहे पुन्हा भरली, म्हणूनच हा विषय आज मांडावासा वाटला.

येथे एक मोठा गैरसमज दूर केला पाहिजे. "महिला" असे लिहिलेली जागा बायकांची आणि उरलेली पुरुषांची, असे आपल्याकडे सर्रास बोलले जाते. हे साफ चूक आहे. घटनेची भाषा "पेक्षा कमी नाही" अशी आहे. आरक्षण ही किमान मर्यादा आहे, कमाल नव्हे. सर्वसाधारण जागेवर कोणतीही पात्र स्त्री उभी राहू शकते. त्याचप्रमाणे अनुसूचित जातीची स्त्री केवळ आपल्या राखीव जागेवरच नव्हे, तर सर्वसाधारण महिला जागेवरही लढू शकते. आफ्रिकेतील रवांडा या देशाने २००३ च्या राज्यघटनेत स्त्रियांसाठी ३० टक्क्यांची किमान मर्यादा घातली. पाच वर्षांनी तेथील कनिष्ठ सभागृहात निम्म्याहून अधिक सदस्य स्त्रिया होत्या. त्यांनी किमान मर्यादेला पहिली पायरी मानले.

आपल्याकडे वरच्या पायऱ्यांवर काय स्थिती आहे? २०२४ मध्ये महाराष्ट्र विधानसभेच्या २८८ जागांवर २१ स्त्रिया निवडून आल्या. त्याच वर्षी लोकसभेच्या ५४३ जागांवर ७४. जिथे कायद्याने जागा राखल्या तिथे निम्म्या, आणि जिथे पक्षांच्या मर्जीवर सोडले तिथे दर चौदा आमदारांमागे जेमतेम एक. लोकसभा व विधानसभांत एक-तृतीयांश जागा देणारी एकशे सहावी घटनादुरुस्ती २०२३ मध्ये मंजूर झाली. परंतु तिची अंमलबजावणी त्या कायद्यानेच पुढील जनगणना आणि मतदारसंघांच्या पुनर्रचनेशी जोडली. ती दारे उघडतील तेव्हा उंबरठ्यावर तयार कोण असेल? ज्या भगिनी आज प्रभागात काम शिकत आहेत, त्याच.

मोर्चात पुढे, व्यासपीठावर मागे

आपल्या चळवळीला हा विषय नवा नाही. १९२७ च्या डिसेंबरात महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांशी वेगळा संवाद साधला. १९२८ मध्ये मुंबई कायदे मंडळात त्यांनी कामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा दिला. जुलै १९४२ मध्ये नागपूर येथे अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली. अध्यक्षस्थानी सुलोचनाबाई डोंगरे होत्या आणि हजारो स्त्रिया जमल्या होत्या. घटस्फोटाचा हक्क, बहुपत्नीत्वाला विरोध, कामगार स्त्रियांच्या रजा अशा प्रश्नांवर तेथे ठराव झाले. ज्या काळी अक्षरओळख असलेली बाई वस्तीत शोधावी लागे, त्या काळी या स्त्रिया कायद्याची भाषा बोलत होत्या. १९५१ मध्ये बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला, त्यामागे हिंदू कोड बिल रखडवले गेले हे एक प्रमुख कारण होते. संविधान सभेतील पंधरा स्त्रियांमध्ये दाक्षायणी वेलायुधन या एकमेव दलित स्त्री सदस्य होत्या, हेही विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे.

महाराष्ट्रात शांताबाई दाणी यांचे उदाहरण डोळ्यांसमोर आहे. नाशिकच्या गरीब घरातील ही मुलगी शिकली, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे काम तिने केले, भूमिहीनांच्या लढ्यात ती उतरली आणि १९६८ ते १९७४ या काळात विधान परिषदेची सदस्य होती. शांताबाईंना पद मिळाले ते पंचवीस वर्षांच्या कामानंतर. सभा भरवणे, वर्गणी जमवणे, गावोगाव हिंडणे, भाषण करणे या सगळ्यांतून त्या घडत गेल्या होत्या.

ग्रामीण भागातही अशी उदाहरणे आहेत. शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीचे अधिवेशन १९८६ मध्ये चांदवडला झाले. त्यानंतर १९८९ मध्ये जळगाव जिल्ह्यातील विटनेर आणि यवतमाळ जिल्ह्यातील मेटीखेडा येथे ग्रामपंचायतींवर स्त्रियांची संपूर्ण पॅनेल निवडून आली. ही आरक्षणाच्या आधीची गोष्ट आहे. मागे संघटना उभी असेल तर स्त्रिया जागा राखीव होण्याची वाट पाहत नाहीत, हा त्याचा अर्थ.

आणि आपण? भूमिहीनांच्या सत्याग्रहात आपल्या आया-बहिणी तुरुंगात गेल्या. नामांतराच्या लढ्यात त्यांनी लाठ्या खाल्ल्या. आजही जयंतीच्या मिरवणुकीत, धम्मपरिषदेत, रेशनच्या मोर्चात पुढच्या रांगा पांढऱ्या साड्यांच्या असतात. परंतु उमेदवाराचे नाव ठरवायला बैठक बसते तेव्हा तिथे त्या चहा घेऊन येतात आणि परत जातात.

माझ्या घरातली गोष्ट

हे सगळे मला पाठ होते. कला शाखेची पदवी घेताना राज्यशास्त्र हा माझा विषय होता. जयंतीच्या कार्यक्रमात "स्त्री आणि राज्यघटना" यावर मी दोनदा बोललोही आहे. तरीसुद्धा माझ्या हातून काय घडले ते येथे सांगितले पाहिजे.

२०१५ च्या निवडणुकीपूर्वी वस्तीतील चार ज्येष्ठ मंडळी आमच्या घरी आली. माझी पत्नी पंधरा महिलांचा बचत गट चालवते. त्या गटाचा हिशेब ती ठेवते आणि बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाने सांगावे असा तो चोख असतो. नळाला पाणी कमी आले तर बायका आधी तिच्याकडे येतात, मग कार्यालयात जातात. त्या मंडळींनी तिचे नाव सुचवले. ती आतून पाण्याचे ग्लास घेऊन येत होती. तिने तोंड उघडण्यापूर्वीच मी हसून म्हणालो, "छे, छे! तिला कुठे जमतंय? मुलांच्या परीक्षा आहेत." मंडळी चहा पिऊन गेली.

रात्री जेवणे आटोपल्यावर ती एवढेच म्हणाली, "अहो, विचारायला ते मला आले होते. उत्तर तुम्ही दिलंत."

काउंटरवर बसून दुसऱ्यांच्या खिशातली पासबुके मोजणारा मी! माझ्याही खिशात एक होते, ते त्या रात्री कळले.

"पतिराज" का चालते?

स्त्री निवडून येते आणि कारभार पती, दीर किंवा मुलगा पाहतो, ही तक्रार सर्वांच्या तोंडी आहे. परंतु तिचा दोष त्या बाईच्या माथी मारण्यापूर्वी व्यवहार कसा चालतो ते पाहू. सोडतीत जागा "महिला" निघाली की आदल्या दिवसापर्यंत स्वतः तयारी करणारा इच्छुक पुरुष रातोरात पत्नीचे नाव पुढे करतो. तिला ना कामाची माहिती मिळालेली असते, ना विचार करायला वेळ. त्यातच आपल्या महापालिकांत बहुसदस्यीय प्रभाग आहेत. एका प्रभागातून साधारण चार जण निवडायचे आणि मतदाराने तेवढीच मते द्यायची. फलकावर चार चेहरे असतात, पण प्रचार, पैसा आणि कार्यकर्ते बहुधा एकाच्या हाती असतात. स्त्री उमेदवार त्या फलकावर उरलेल्या जागेत बसवली जाते.

पाच वर्षे सरतात, बाई हळूहळू काम शिकते, आणि पुढच्या सोडतीत जागा बदलते. मग तिला सांगितले जाते, "आता तुमचे काम संपले." शिकलेली माणसे अशी घरी बसवणे हा समाजाचा निव्वळ तोटा आहे. ज्या बाईने पाच वर्षे चांगले काम केले, तिला सर्वसाधारण जागेवर उभे करण्याची हिंमत आपण दाखवली पाहिजे.

स्त्रीच्या हाती खरोखर कारभार आला तर फरक पडतो का, असेही काही जण विचारतात. रघाबेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डुफ्लो या अर्थशास्त्रज्ञांनी पश्चिम बंगाल व राजस्थानमधील पंचायतींचा अभ्यास करून २००४ मध्ये निष्कर्ष मांडले. जिथे प्रमुखपद स्त्रियांसाठी राखीव होते तिथे पिण्याच्या पाण्यासारख्या, स्त्रियांनी अधिक मागणी केलेल्या कामांवर अधिक खर्च झाला होता. पहाटेच्या पाण्यासाठी गजर लावून उठणाऱ्या आपल्या भगिनींना हे वेगळे सांगायला नको. पाणी, कचरा, शाळा, दिवाबत्ती ही महापालिकेचीच कामे आहेत. कल्याणचे रुक्मिणीबाई आणि डोंबिवलीचे शास्त्रीनगर ही रुग्णालये महापालिकाच चालवते. महिला व बालकल्याणासाठी अंदाजपत्रकात पाच टक्के तरतूद करायची असते. ती कशावर खर्च व्हावी, शिलाई यंत्रांवर की स्वच्छतागृहांवर, हे सभागृहात ठरते. तिथे हात वर करणारी व्यक्ती विषयपत्रिका वाचून आलेली हवी.

कागदपत्रांची पिशवी

आता अगदी व्यवहाराचे बोलू. उमेदवाराचे वय २१ वर्षे पूर्ण हवे, नाव त्या महापालिकेच्या मतदार यादीत हवे, महापालिकेची थकबाकी नसावी. शिक्षण, मालमत्ता, गुन्हे यांबाबत शपथपत्र द्यावे लागते. अनुसूचित जातीच्या राखीव जागेसाठी जातीचा दाखला आणि पडताळणी समितीचे वैधता प्रमाणपत्र लागते. आपल्या भगिनींची अडचण नेमकी इथेच होते.

जात लग्नाने बदलत नाही. त्यामुळे विवाहित स्त्रीला दाखला मिळतो तो वडिलांकडील पुराव्यांवर. पतीच्या कागदांचा त्यासाठी उपयोग नाही. महाराष्ट्रात १० ऑगस्ट १९५० पूर्वीचे वास्तव्य दाखवणारा पुरावा लागतो. म्हणजे आजोबा-पणजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, गावच्या जन्म-मृत्यू नोंदवहीतील उतारा, असे काहीतरी. हे कागद ठाण्या-कल्याणात नसतात. ते रत्नागिरी, जालना, बुलढाणा अशा माहेरच्या तालुक्यात असतात. शिवाय शाळेत नाव एक, लग्नानंतर दुसरे, आधारकार्डावर तिसरेच. कुठे "बौद्ध", कुठे पूर्वीच्या जातीची नोंद. सोडत निघाल्यावर ही धावाधाव सुरू केली तर अर्ज भरण्याची मुदत संपून जाते आणि मग ज्याच्या घरी कागद तयार असतात त्याचीच उमेदवारी पक्की होते. १९९० मध्ये बौद्धांना अनुसूचित जातींच्या केंद्रीय सवलती मिळाल्या, त्यासाठी एका पिढीने लढा दिला. तो हक्क कागदांअभावी हातचा जाऊ नये.

म्हणून माझी सूचना अशी की, प्रत्येक घरातील मुलीच्या व सुनेच्या नावाने एक स्वतंत्र पिशवी करावी. त्यात वडिलांचा व आजोबांचा दाखला, स्वतःचा शाळा सोडल्याचा दाखला, विवाह नोंदणी प्रमाणपत्र, नाव बदलले असल्यास राजपत्रातील प्रसिद्धी, रहिवासाचे पुरावे आणि जातीचा दाखला ठेवावा. माहेरी गावी जाल तेव्हा शाळेतून उतारा काढून आणा. निवडणूक लढवली नाही तरी मुलीच्या प्रवेशाला, नोकरीला याच कागदांचा उपयोग होतो.

संस्थेने काय करावे?

बचत गटाची वही लिहिणारी बाई महापालिकेचे अंदाजपत्रक वाचू शकते. फक्त तिला ते कोणीतरी एकदा समजावून दिले पाहिजे. आपल्या संस्थेने महिन्यातून एक रविवार यासाठी द्यावा. एका रविवारी महापालिकेची रचना, दुसऱ्या रविवारी अंदाजपत्रक, तिसऱ्या रविवारी माहितीच्या अधिकाराचा, म्हणजे २००५ च्या कायद्याचा अर्ज कसा लिहायचा, असा क्रम ठेवता येईल. मतदान केंद्रावर उमेदवाराचा प्रतिनिधी म्हणून बसणे हे उत्तम शिक्षण आहे. त्या कामासाठी स्त्रियांची नावे द्यावीत. विहाराच्या आणि गृहनिर्माण सोसायटीच्या कार्यकारिणीतही केवळ सदस्य म्हणून त्यांना न घेता अध्यक्ष, सचिव, खजिनदार ही पदे त्यांना द्यावीत. तिथे ज्या बाईला धनादेशावर सही करण्याची सवय झाली, ती स्थायी समितीत बुजणार नाही.

शहापूर-मुरबाडकडे ज्यांची गावे आहेत त्यांनी हेही जाणून घ्यावे की, ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूद कायद्यात आहे. तिथे मांडलेला विषय ग्रामसभेपुढे जातो. गावी गेल्यावर ती सभा झाली का, एवढे विचारले तरी पुष्कळ होईल.

विद्यार्थिनींना सांगावेसे वाटते की, अठरा पूर्ण होताच मतदार यादीत नाव नोंदवा आणि लग्नानंतर पत्ता बदलला की ते नाव नव्या ठिकाणी आणा. अठरा ते एकवीस ही तीन वर्षे तुमच्या उमेदवारीची शाळा समजा. विद्यार्थ्यांनी, विशेषतः मुलग्यांनी, आपल्या बहिणीला सभेला नेऊन परत आणून सोडण्याऐवजी सभेत तिच्या शेजारी बसून तिचे बोलणे पुरे होऊ द्यावे.

शेवटी घराबद्दल. सभा संध्याकाळी सातला ठेवायची आणि बायका येत नाहीत म्हणायचे, हे बरोबर नाही. सात वाजता तिची पोळी तव्यावर असते. ती पोळी कोणी भाजायची, याचा निर्णय जोपर्यंत घरात होत नाही, तोपर्यंत सभागृहातले निर्णय तिच्या हाती येणार नाहीत.

आमच्या घरी ती पिशवी आता तयार आहे. पत्नीचे माहेर खेड तालुक्यातील. तिच्या आजोबांच्या शाळेची नोंद शोधायला आम्ही दोघे दोन वेळा गेलो, तेव्हा ती सापडली. जानेवारी २०२६ मध्ये ती उभी राहिली नाही. दिवसभर मतदान केंद्रावर प्रतिनिधी म्हणून बसली आणि घरी येऊन तिने मला यादीतील दुबार नावे वाचून दाखवली. पुढच्या निवडणुकीला ती मंडळी पुन्हा आली तर चहा मी ठेवणार आहे. उत्तर काय द्यायचे ते तिचे ती ठरवील. कदाचित ती नाहीही म्हणेल. पण ते "नाही" तिचे स्वतःचे असेल.

आपल्या संस्थेच्या प्रत्येक सभासदाने घरी गेल्यावर आपला खिसा एकदा तपासून पाहावा, एवढेच नम्रपणे सुचवावेसे वाटते. जय भीम!